खिडकीतला छंद

(मन उदास असताना फारसा खर्च न करता रोज करता येईल, अशा एका छंदाविषयी या पाठात माहिती दिली आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या जीवनातील एका अडचणीच्या काळाचे वर्णनही या पाठात आले आहे.)

मुलांनो, काही सकाळी अशा येतात की अंथरुणातून उठावेसेच वाटत नाही. ताप आलेला नसतो, घरात कोणी रागावलेलेही नसते. तरी मन जड असते. कधी त्याला कारण असते. गणितात गुण कमी पडलेले असतात. जिवलग मित्र दुसऱ्या गावी राहायला गेलेला असतो. अब्बांचे काम बंद पडलेले असते आणि घरात सगळे गप्प गप्प असतात. अशा वेळी मोठी माणसे म्हणतात, "असा बसून राहू नकोस. कशात तरी मन रमव."

सल्ला खरा आहे. पण मन रमवायचे कशात? क्रिकेट खेळायचे तर मैदान हवे, बॅट हवी आणि बरोबर खेळणारी मुलेही हवीत. मन उदास असले की चार मुलांत जाण्याचाच कंटाळा येतो. चित्रे काढायची तर रंग विकत आणावे लागतात. पोस्टाची तिकिटे जमवणे हा एके काळी स्वस्त छंद होता. आता घरोघरी पत्रेच फारशी येत नाहीत. मोबाइलवरचे खेळ फुकट वाटतात खरे. पण तासभर खेळून उठल्यावर मन हलके झाले, असे मी कोणाच्या तोंडून फारसे ऐकलेले नाही. डोळे दुखतात, एवढे मात्र सगळे सांगतात.

म्हणून छंद असा हवा, की ज्याला पैसे पडत नाहीत, जो एकट्याला करता येतो आणि ज्यात आजच्यापेक्षा उद्या काही वेगळे दिसेल, अशी आशा असते. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उदास माणसाची उद्याविषयीची उत्सुकताच हरवलेली असते. ती थोडी जरी परत आली, तरी पुष्कळ झाले.

असा एक छंद म्हणजे पक्षी पाहणे.

"पण पक्षी पाहायला जंगलात जावे लागते, गळ्यात दुर्बीण लागते," असे तुम्ही म्हणाल. तुमच्या खिडकीसमोर विजेची तार आहे ना? मग जंगल नसले तरी चालेल. ज्यांनी भारतातील पक्ष्यांचा आयुष्यभर अभ्यास केला, त्या डॉ. सलीम अलींचे एक गाजलेले निरीक्षण ते राहत होते त्या गावातच झाले होते, आणि तेही फार अडचणीच्या काळात.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना गिरगावजवळच्या खेतवाडीतील आपल्या घरी वाढवले. दहा-बारा वर्षांचे असताना सलीमने आपल्या छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. ही खाण्यास हलाल आहे की नाही, अशी शंका त्याला आली. त्याने मामांना विचारले. मामांनाही पक्ष्याचे नाव सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखलीच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. त्या दिवसापासून सलीमला पक्ष्यांचे वेड लागले.

वेड लागले, तरी पुढचा रस्ता सरळ नव्हता. त्यांना डोकेदुखीचा जुना त्रास होता. मॅट्रिकची परीक्षा १९१३ साली ते कसेबसे पास झाले. कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले, तेव्हा कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात मदत करायला गेले. तिथून काही वर्षांनी परत आले. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. येणाऱ्या लोकांना तिथल्या वस्तूंची माहिती सांगायची, हे त्यांचे काम. १९२८ साली रजा घेऊन ते पक्षिशास्त्र शिकायला जर्मनीला गेले. १९३० साली शिकून परत आले, तो त्यांची जागाच रद्द झालेली! संग्रहालयाकडे पगाराला पैसे नव्हते.

विचार करा. वय तेहतीस-चौतीस वर्षांचे. लग्न झालेले. विद्यापीठाची पदवी हाती नाही. परदेशात जाऊन शिकून आलेला माणूस घरी बसलेला आहे. लोक काय काय म्हणाले असतील, ते सांगायला नकोच.

मुंबईत राहणे महाग पडत होते. सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना समुद्रापलीकडच्या किहीम या गावी राहायला गेले. हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ आहे. तिथे सुगरण पक्ष्यांची एक वसाहत होती. उर्दूत या पक्ष्याला बया म्हणतात. पावसाळा आला आणि सुगरणींची घरटी विणायची गडबड सुरू झाली. सलीम अलींपाशी नोकरी नव्हती. पण वेळ होता, डोळे होते आणि वही होती. ते रोज त्या घरट्यांकडे पाहत बसू लागले. जे दिसेल ते लिहू लागले.

त्यांना काय दिसले? सुगरण पक्ष्याचा नर पावसाळ्यात डोक्यावर पिवळी टोपी घातल्यासारखा दिसतो. तो गवताच्या आणि झावळीच्या लांब पट्ट्या चोचीने फाडून आणतो आणि एकात एक गुंफून घरटे विणतो. घरटे अर्धेच विणून झाले की थांबतो. तेव्हा ते उलट्या टांगलेल्या टोपीसारखे दिसते. मग माद्या येतात. त्या घरट्यात शिरतात, विण ओढून पाहतात, इकडेतिकडे फिरतात. घर पसंत पडले तर मादी तिथे राहते. मगच नर अंडी घालायची जागा आणि खाली लोंबणारी लांब नळी पुरी करतो. घर पसंत पडले नाही, तर मादी सरळ उडून शेजारच्या घरट्यात जाते! आणि एका मादीचा संसार मांडून झाला की हा कारागीर स्वस्थ बसत नाही. तो दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. सुगरणींच्या संसाराची ही रीत सलीम अलींनी शोधून काढली. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा या विषयावरचा लेख छापून आला आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. नोकरी टिकली असती, तर त्या पावसाळ्यात ते संग्रहालयात असते.

इथे एक गंमत सांगतो. मराठीत 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. स्वयंपाकात आणि घरकामात कुशल असलेल्या बाईला आपण सुगरण म्हणतो. उर्दूतला 'सुघड' हा शब्द तुम्हांला माहीत आहेच. हे दोन शब्द एकमेकांच्या नात्यातले वाटतात. भाषेने घरटे विणण्याचे सारे कौतुक मादीला देऊन टाकले. विणतो मात्र नर. कोकिळेचेही तसेच. मराठीत 'कोकिळा गाते' आणि उर्दूत 'कोयल कूकती है' असे म्हणतात. खरे पाहता 'कुहू कुहू' करतो तो काळाभोर नर, म्हणजे कोकिळ. मादी तपकिरी रंगाची असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. ती गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून निघून जाते. शब्द एक सांगतात आणि डोळे दुसरेच दाखवतात. हे कळते, तेव्हा फार मजा वाटते.

या छंदाला पदवी लागत नाही. झारखंडातील रांचीच्या परिसरात जमाल आरा नावाच्या बाई राहत होत्या. त्यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले होते. त्यांनी छोटा नागपूरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला, त्यावर लेख लिहिले आणि नॅशनल बुक ट्रस्टसाठी मुलांना पक्ष्यांची ओळख करून देणारे पुस्तकही लिहिले. मुलींनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे.

आता आपल्या गल्लीत येऊ. भिवंडी असो, मालेगाव असो की मुंबईतली एखादी चाळ. मागांच्या खडखडाटात आणि रिक्षांच्या आवाजातही पक्षी असतात. आपले लक्ष नसते, एवढेच. बाजारावर घिरट्या घालणारी घार, म्हणजे तुमची चील. तिच्या शेपटीला मध्ये खाच असते. जहाजाचे सुकाणू फिरवावे तशी ती शेपूट फिरवून वळते. जुन्या इमारतीच्या कमानीखाली पिसे आणि काड्या थुंकीने चिकटवून घरटी करणाऱ्या पाकोळ्या, म्हणजे अबाबील, दिवसभर हवेतच असतात. त्यांचे पाय इतके आखूड की त्या तारेवर बसूच शकत नाहीत. उन्हाळ्याच्या दुपारी वडावर किंवा पिंपळावर 'टुक् टुक् टुक्' असा एकसारखा आवाज येतो. भांड्यांच्या गल्लीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडावी, अगदी तसा. हा तांबट पक्षी. तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरालाही मराठीत तांबट म्हणतात. हा हिरवा पक्षी चिमणीएवढाच. पण आवाज दूरवर जातो. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते, गळा तेवढा फुगतो. माझ्या मते ज्याला तांबट एकदा दिसला, त्याला हा छंद लागलाच म्हणून समजा. कारण तो ऐकू येतो रोज, पण दिसत नाही लवकर!

आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाची हकिगत सांगतो. त्याचा मोठा भाऊ नोकरीसाठी सौदी अरेबियात जेद्दा शहरी गेला. दोघे भाऊ एका खोलीत झोपत. भाऊ गेल्यावर मुलगा अबोल झाला. अभ्यासात लक्ष नाही, जेवणात लक्ष नाही. शुक्रवारी भावाचा फोन येई. "कधी येणार?" हा विचारी. "बघू," तो म्हणे. मग दोघेही गप्प. दोन मिनिटांत फोन अम्मीच्या हाती जाई.

त्याच्या नानीला डोळ्यांनी कमी दिसे. सकाळी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसे. एके दिवशी तिने नातवाला हाक मारली.

"बेटा, समोरच्या तारेवर कोण बसलंय, बघ बरं."

"कावळा आहे, नानी."

"आणि त्याच्या शेजारी?"

"तोही कावळाच."

"दोन्ही सारखेच आहेत का रे?"

मुलगा कंटाळून म्हणाला, "कावळे सारखेच असतात, नानी."

"मला काय दिसतंय? तुझे डोळे चांगले आहेत, म्हणून तुला विचारते."

त्याने नीट पाहिले. सारखे नव्हते! एकाची मान करड्या रंगाची होती. दुसरा चोचीपासून शेपटीपर्यंत काळा होता आणि त्याची चोचही जाड होती. दुसऱ्या दिवशी त्याने मला वर्गात विचारले. पहिला गावकावळा, दुसरा डोमकावळा, असे मी त्याला सांगितले. त्याने ते नानीला सांगितले. मग नानी रोज विचारू लागली आणि तो रोज पाहू लागला. जुन्या वहीची कोरी पाने शिवून त्याने एक लहान वही केली. तिच्यातल्या काही नोंदी त्याच्या परवानगीने देतो.

'३ मार्च. सकाळी ६.४०. गावकावळे ५, कबुतरे पुष्कळ, साळुंक्या २. साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळे आहे. उर्दूत हिला मैना म्हणतात, हे आज कळले.'

'९ मार्च. आज मन लागत नव्हते. तरी बसलो. काही आले नाही. शेवटी एक खार आली. खार पक्षी नाही, पण लिहिले.'

'१४ मार्च. सहरीनंतर झोपलो नाही. अंधार होता. पाण्याच्या टाकीवर कोणीतरी शीळ घालत होते. उजाडल्यावर दिसले. काळा-पांढरा पक्षी, शेपटी वर. सर म्हणाले, दयाळ.'

'२ एप्रिल. तांबट दिसला! पिंपळाच्या सुकलेल्या फांदीच्या टोकावर. कपाळ लाल. नानीला दिसला नाही, पण मी बोट दाखवले त्या बाजूला तिने मान केली.'

नऊ मार्चची नोंद मला सर्वांत आवडते. त्या दिवशी काही विशेष दिसले नाही, तरी मुलगा पंधरा मिनिटे बसला आणि खार तरी लिहिली. रोजच्या छंदात असे दिवस फार येतात. ते वहीत गाळायचे नाहीत.

पुढच्या एका शुक्रवारी भावाचा फोन आला. "भाई, तांबट कसा ओरडतो, ऐकायचंय?" असे म्हणून यानेच आवाज काढून दाखवला. भाऊ हसला. मग म्हणाला, "इथे जेद्दात आपल्यासारखेच कावळे आहेत. मान करडी असते ना, तेच." हे खरे आहे. आपला गावकावळा जहाजांबरोबर तांबड्या समुद्राच्या बंदरांपर्यंत जाऊन पोहोचला आहे. त्या दिवशी दोघे भाऊ पंधरा मिनिटे बोलले. भाऊ कधी येणार, हे अजून ठरलेले नव्हतेच.

पक्षी पाहून मनाला बरे का वाटते, याचा शास्त्रज्ञांनीही विचार केला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी सुमारे १,३०० लोकांना मोबाइलवरून दिवसातून काही वेळा विचारले, "आत्ता तुम्हांला कसे वाटते? आसपास पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो का?" पक्षी दिसला किंवा ऐकू आला त्या वेळी लोकांना अधिक बरे वाटत होते आणि हा परिणाम काही तास टिकत होता. नैराश्याचा आजार असलेल्यांनाही हा अनुभव आला. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. मला वाटते, उदास मन सारखे स्वतःभोवतीच फिरत असते. समोर पक्षी आला की ते थोडा वेळ बाहेर पडते. शिवाय सकाळचे कोवळे ऊन अंगावर पडते, तो फायदा वेगळाच.

तुम्हांला हा छंद सुरू करायचा असेल, तर जागा एकच ठरवा. खिडकी, गच्ची, शाळेच्या वाटेवरचे एखादे झाड, काहीही चालेल. वेळही एकच ठरवा. सकाळची उत्तम, कारण तेव्हा पक्षी जास्त हिंडतात. पंधरा मिनिटे पुरेत. तारीख, वेळ, पक्षी, किती होते, काय करत होते, एवढे लिहा. नाव माहीत नसेल तर अडून बसू नका. 'शेपटी लांब, पोट पांढरे, किड्यामागे उडी मारली' असे वर्णन लिहा. नाव नंतर सापडेल. शाळेच्या ग्रंथालयात पक्ष्यांचे एखादे पुस्तक असते, ते मागून घ्या. मारुती चितमपल्ली यांनी मराठीत पक्ष्यांवर पुष्कळ लिहिले आहे. आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲपही आता मोबाइलवर मिळतात. पण आधी आपला कान वापरावा, मोबाइल मागून. घरात आजी, नानी, दादी असतील तर त्यांना पक्ष्यांची उर्दू नावे विचारा आणि मराठी नावांशेजारी लिहा. ममोला, फाख्ता, हुदहुद अशी किती तरी सुंदर नावे त्यांना ठाऊक असतात.

उन्हाळ्यात गच्चीवर मातीच्या परळात पाणी ठेवता येईल. ते पाणी रोज बदलावे, नाहीतर त्यात डास होतात. कबुतरांना दाणे टाकून त्यांची गर्दी जमवू नये. त्यांच्या विष्ठेमुळे माणसांना फुप्फुसांचे आजार होऊ शकतात. घरट्याला हात लावू नये. पतंगांचे दिवस संपले की झाडांवर मांजा लोंबत राहतो आणि त्यात पक्ष्यांचे पंख कापले जातात. हाताला येईल तेवढा मांजा काढून टाकला, तर तेही छंदाचेच काम झाले. गलोलीबद्दल मी काही सांगत नाही, तुम्हांला कळले असेलच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छंद हे औषध नव्हे. उदासपणा दोन-दोन आठवडे जात नसेल, झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि घरातल्या मोठ्या माणसाला किंवा शिक्षकांना सांगा. 'टेलिमानस' ही सरकारची मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. हात मोडला तर आपण लपवून ठेवत नाही, तसेच हे.

सलीम अलींच्या आयुष्यातही यापुढे दुःखे आलीच. प्रवासात साथ देणाऱ्या तेहमिना १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर वारल्या. सलीम अली बहिणीच्या घरी राहू लागले. दोन वर्षांनी, १९४१ साली, भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक बाहेर आले. ते वाचून कितीतरी माणसे पक्षी पाहू लागली. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या नावात चिमणी आहे, लहानपणी पाडलेली तीच, पिवळ्या गळ्याची. २० जून १९८७ रोजी, नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरला की मैदानात एक सडपातळ पक्षी धावताना दिसतो. धावतो, थांबतो आणि शेपटी सारखी वरखाली करतो, धोब्याने कपडे आपटावे तशी. म्हणून मराठीत त्याला परीट किंवा धोबी म्हणतात. हाच तुमचा ममोला. तो हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून आपल्याकडे हिवाळा काढायला येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातो. काही परीट दर वर्षी त्याच अंगणात उतरतात. तुमच्या शाळेच्या मैदानावर पहिला परीट कोणत्या तारखेला दिसला, ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून मैदानावर लक्ष ठेवा.

शब्दार्थ

छंद – शौक. उदास – गमगीन. उत्सुकता – इश्तियाक. निरीक्षण – मुशाहदा. नोंद – इंदराज. वसाहत – बस्ती. विणणे – बुनना. कारागीर – दस्तकार. अबोल – खामोश. करडा – खाकी, राखाडी. परळ – मातीचे पसरट भांडे. नैराश्य – मायूसी.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सलीम अलींनी पाडलेल्या चिमणीत कोणता वेगळेपणा होता?
(आ) सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण सलीम अलींनी कोणत्या गावी केले?
(इ) पाकोळ्या तारेवर का बसू शकत नाहीत?
(ई) परळातले पाणी रोज का बदलावे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १९३० साली सलीम अली कोणत्या अडचणीत सापडले होते?
(आ) सुगरण पक्ष्याची मादी घरटे कसे निवडते?
(इ) वही सुरू केल्यावर दोघा भावांच्या फोनवरच्या बोलण्यात कोणता बदल झाला?
(ई) लेखकाला ९ मार्चची नोंद सर्वांत का आवडते?

प्र. ३. जोड्या लावा.
'अ' गट : घार, साळुंकी, सुगरण, परीट, पाकोळी
'आ' गट : बया, अबाबील, चील, ममोला, मैना

प्र. ४. लिंग बदला.
मामा, कोकिळ, मुलगा, नर, धोबी

प्र. ५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मन रमवणे, वेड लागणे, अडून बसणे, लक्ष ठेवणे

उपक्रम : आठ दिवस रोज एकाच वेळी एकाच जागेवरून पक्षी पाहा. त्यांची मराठी व उर्दू नावे वहीत लिहा. ज्या दिवशी एकही पक्षी दिसला नाही, त्या दिवसाचीही नोंद करा.